‘कंपनी एकच आहे, मग बसेलच ना?’ : कानाच्या मशीनचे सुटे भाग घेताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील ७६ वर्षांचे आहेत. दोन्ही कानांना फोनाक कंपनीची मशीनं आहेत, कानामागे बसणारी आणि बारीक वायर कानात जाणारी. चारेक वर्षांपूर्वी घेतलेली, मॉडेल आठवत नाही. उजव्या बाजूचा आवाज बंद झालाय. जिथून मशीन घेतलं तिथे ‘रिसीव्हर गेला’ म्हणून सांगितलं, पण त्यांनी सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात ‘फोनाक रिसीव्हर’ तुम्हाला ऑनलाइन दिसतोय. मध्यंतरी डोमही (वायरच्या टोकाला बसणाऱ्या सिलिकॉनच्या मऊ टोप्या) ऑनलाइनच मागवले होते, ते सैल बसतात आणि परवा एक डोम बाबांच्या कानातच राहिला. काकांकडे त्याच कंपनीचं, टीव्हीला जोडायचं जुनं यंत्र पडून आहे, ते बाबांना चालेल का हेही विचारलंय. आणि शेवटी जरा वैतागून लिहिलंय की सेल कुठल्याही कंपनीचे चालतात, मग बाकीच्या वस्तूंचंच एवढं काय?

मी पुण्यात ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे आणि हा वैताग माझ्या ओळखीचा आहे. उत्तर लांबेल, कारण यातलं बरंचसं ‘कुठलं मशीन, कुठला कान’ यावर अवलंबून आहे. पण खरेदीकडे वळायच्या आधी दोन गोष्टी बघून घ्या.

पहिली, तो कानात राहिलेला डोम. निघाला असेल तर ठीक. नसेल निघाला तर चिमटा, हेअरपिन, इअरबड यांतलं काही कानात घालू नका, आणि तेल-पाणीही सोडू नका. सिलिकॉन गुळगुळीत असतं, काढायला गेलं की आणखी आत सरकतं. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दिसत असल्यामुळे त्यांच्या हातून तो सहसा लगेच निघतो. बाबांना मधुमेह असेल तर तिथे आवर्जून सांगा. अशा माणसाच्या कानातला साधा ओरखडासुद्धा चिघळू शकतो.

दुसरी गोष्ट, बंद पडलंय ते मशीन की कान? हसू नका. ‘मशीन चालत नाही’ म्हणून येणाऱ्यांपैकी काहींचं मशीन ठणठणीत असतं आणि त्या बाजूचं ऐकणंच घसरलेलं असतं. मशीन काढून ठेवल्यावर उजव्या कानाने पूर्वी जेवढं ऐकू यायचं, तेवढं आजही येतंय का, हे बाबांनाच विचारा. त्यांना निदान अंदाज सांगता येईल. एक-दोन दिवसांत अचानक कमी झालं असेल, सोबत कानात आवाज किंवा चक्कर असेल, तर रिसीव्हरचा विषय बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी ईएनटीकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणावर उपचार जितके लवकर तितका उपयोग जास्त. कानात नुसता मळाचा बोळा असेल तर तेही तिथेच कळेल.

आता मूळ प्रश्न. तुम्ही विचारताय की स्वस्तातला भाग घेतला तर बिघडलं कुठे. मला वाटतं खरी अडचण किंमत ही नाहीच. बाबांच्या मशीनला नेमकं काय लागतं हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, ही अडचण आहे. ‘फोनाक’ एवढ्या माहितीवर भाग निवडता येत नाही. कुठलाही भाग घेताना मी तीन प्रश्न विचारते. तो जागेवर बसतो का? बाबांच्या कानाला आणि त्यांच्या बहिरेपणाला तो योग्य आहे का? आणि तो बदललाय हे मशीनला माहीत करून द्यावं लागतं का? सेलच्या बाबतीत फक्त पहिलाच प्रश्न उरतो, म्हणून सेल सोपे वाटतात. रिसीव्हरला तिन्ही लागू होतात.

रिसीव्हर म्हणजे तुमच्या मशीनचा स्पीकर. कानामागच्या भागात माइक, चिप आणि सेल असतात. आवाज तयार होतो तो वायरच्या टोकाला, कानाच्या आत. त्या वायरवर अगदी बारीक अक्षरांत एक आकडा आणि एक अक्षर छापलेलं असतं. मोबाइलचा कॅमेरा झूम करून फोटो काढलात तर वाचता येईल. आकडा लांबी सांगतो, अक्षर ताकद सांगतं. फोनाकच्या अलीकडच्या मशीनांत एस, एम, पी आणि यूपी अशा चढत्या ताकदी आहेत. ओटिकॉन कंपनीच्या मशीनांत हेच ६०, ८५, १००, १०५ अशा आकड्यांत लिहितात. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्याची. हे मात्र सगळ्या कंपन्या पाळतात. वायरचा बाक दोन्ही बाजूंना उलटा असल्यामुळे ‘डावा स्वस्तात मिळाला’ म्हणून उजव्याला लावता येत नाही.

लांबी चुकली तर काय होतं? वायर आखूड असेल तर बोलताना, जेवताना जबडा हलला की डोम कानातून वर ओढला जातो आणि मशीन शिट्टी मारायला लागतं. लांब असेल तर वायर कानापासून कमानीसारखी बाहेर येते, चष्म्याच्या काडीत आणि मास्कच्या दोरीत अडकते. पुण्यात यात हेल्मेटची भर. हेल्मेट काढताना वायर खेचली जाऊन रिसीव्हर तुटलेले, किंवा अख्खं मशीन रस्त्यावर पडून हरवलेले लोक माझ्याकडे नेहमी येतात. बाबा अजून दुचाकी चालवत असतील तर हेल्मेट घालण्याआधी मशीन काढून डबीत ठेवायची सवय लावा.

ताकदीचं गणित याहून नाजूक. मशीनच्या प्रोग्रामिंगमध्ये ‘या कानाला एम रिसीव्हर लावलाय’ अशी नोंद असते, आणि कुठल्या सुराला किती आवाज द्यायचा हे त्या नोंदीवर ठरतं. त्याच्या जागी पी लावला तर काही मशीनं ते ओळखून तक्रार करतात, काही गुपचूप चालत राहतात. दुसऱ्या प्रकारात आवाज ठरवल्यापेक्षा मोठा किंवा कर्कश होऊ शकतो. बाबा म्हणतील, ‘अरे वा, आता छान ऐकू येतंय!’ आणि आठवड्याभरात भांड्यांचा आवाज सहन होत नाही म्हणून मशीन काढून ठेवतील. उलट बाजूने, पी लागत असताना एस किंवा एम लावला तर तो ताकदीच्या मर्यादेला जाऊन आवाज फाटायला लागतो. चष्म्याची काडी कुठल्याही दुकानात बदलून घ्यावी, पण काच नंबर बघितल्याशिवाय बदलू नये; रिसीव्हर ही काच आहे. अगदी त्याच ताकदीचा रिसीव्हर घातला तरी मी एकदा मशीन कॉम्प्युटरला जोडून शिट्टीची चाचणी पुन्हा चालवते, कारण नवा रिसीव्हर कानात किंचित वेगळा बसतो.

त्यावर पिढीचा मुद्दा. २०१८ मध्ये फोनाकची मार्व्हल मालिका आली तेव्हा रिसीव्हर आणि डोमची रचनाच बदलली. त्या नव्या रचनेला ते एसडीएस ४.० म्हणतात. त्याआधीच्या मशीनांचे रिसीव्हर मार्व्हलला चालत नाहीत आणि मार्व्हलचे जुन्यांना नाहीत. कंपनी एक, नाव एक, चित्रात दिसायलाही एकसारखे. तुम्हाला ऑनलाइन निम्म्या किमतीत दिसणारा ‘फोनाक रिसीव्हर’ कुठल्या पिढीचा आहे, हे त्या पानावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो तुमच्यासाठी नाही असंच धरा. बाकीच्यांकडेही हीच कथा आहे. ओटिकॉनचे ‘मिनीफिट’ आणि ‘मिनीफिट डिटेक्ट’ हे वेगवेगळे रिसीव्हर आहेत. सिग्नियाचा २.० रिसीव्हर आणि ३.० रिसीव्हर वेगळे, त्यांच्या टोकाला बसणारे डोमही वेगळे.

एक उलटी गंमतही आहे. नावं वेगळी, पण भाग एकच, असंही पुष्कळदा असतं. फोनाक, युनिट्रॉन आणि हॅन्साटॉन ही एकाच सोनोव्हा समूहाची नावं. ओटिकॉन, बर्नाफोन आणि फिलिप्सच्या नावाने विकली जाणारी मशीनं डिमँट समूहाची. सिग्निया, वाइडेक्स आणि रेक्सटन डब्ल्यूएस ऑडिओलॉजीकडे. घरातले ज्येष्ठ अजून ‘सीमेन्सचं मशीन’ म्हणतात, पण सीमेन्सने तो व्यवसाय २०१५ मध्ये विकला आणि पुढे ती मशीनं सिग्निया नावाने यायला लागली. समूहातल्या भावंडांचे डोम, रिसीव्हरच्या टोकाला मळ अडवणाऱ्या जाळ्या आणि काही वेळा रिसीव्हर एकमेकांना चालतात. त्यामुळे ‘तुमच्या मशीनचा भाग मिळत नाही’ असं कुणी म्हटलं तर भावंड कंपनीचा मिळेल का, हे विचारून बघायला हरकत नाही. हे स्वतः ताडून मात्र घेऊ नका. सिग्निया आणि वाइडेक्स एका छताखाली आले म्हणून त्यांचे रिसीव्हर एक झाले नाहीत.

मग रिसीव्हर ऑनलाइन घ्यायचा की नाही? त्याआधी क्लिनिकला दोन प्रश्न विचारा: ‘टोकाची जाळी बदलून पाहिली का?’ आणि ‘याच मशीनला दुसरा चांगला रिसीव्हर लावून आवाज आला का?’ पहिला यासाठी की मळाने गच्च भरलेल्या जाळीमुळे ‘मेलेले’ रिसीव्हर मी जवळपास रोज जिवंत झालेले बघते. दुसरा यासाठी की चांगला रिसीव्हर लावूनही आवाज आला नाही, तर बिघाड कानामागच्या भागात आहे आणि नवा रिसीव्हर, स्वस्त काय नि महाग काय, फुकट जाणार. ही तपासणी घरी होत नाही. क्लिनिकमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. दोन्ही उत्तरं नीट मिळाली तर रिसीव्हर तिथूनच घ्या असं मी सांगेन, कारण त्या किमतीत बहुधा बसवणं, प्रोग्रामिंग आणि काही महिन्यांची वॉरंटी धरलेली असते. ‘बहुधा’ म्हणते, कारण प्रत्येक ठिकाणी तसं नसतं. बिलावर भागाची किंमत आणि कामाचे पैसे वेगळे लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे आणि त्यात कुणाला राग यायचं कारण नाही. किंमत तरीही अवाच्या सवा वाटली तर फोनाक ठेवणाऱ्या दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे मशीन दाखवा. फक्त एक बघा: काही साखळी दुकानं आपण विकलेली मशीनं सॉफ्टवेअरने कुलूपबंद ठेवतात, ती दुसऱ्या कुणाला उघडता येत नाहीत. तुमचं तसं आहे का हे आधी फोनवर विचारून घ्या.

आता डोम. इथे तुम्ही ऑनलाइन घेतलंत याला माझा विरोध नाही. डोम हा स्वस्त, सतत बदलायचा भाग आहे आणि माझेच कित्येक पेशंट घरी मागवतात. पण तुमचा डोम सैल बसतो आणि कानात राहतो, हे दोन वेगळे दोष आहेत. कानात सैल बसतो म्हणजे आकार लहान आहे. रिसीव्हरवरून सुटतो म्हणजे तो त्या रिसीव्हरचा नाहीच. रिसीव्हरच्या टोकाला एक बारीक कड असते आणि योग्य डोम तिच्यावरून सरकून ‘टक्’ बसतो. जुन्या पिढीचा किंवा ‘सर्व कंपन्यांना चालणारा’ म्हणून विकलेला डोम नुसता घट्ट वाटतो, त्या कडेवर अडकत नाही. मग संध्याकाळी मशीन काढताना वायर बाहेर येते आणि डोम आत राहतो. बसवल्यावर बोटांनी हलकेच ओढून बघायचं. आला हातात, तर पाकीट परत करा.

प्रकार पण तोच घ्या, जो आत्ता आहे. उघडा डोम भोकांचा असतो, जाड सूर त्यातून बाहेर निसटतात. ज्यांना जाड आवाज चांगले ऐकू येतात आणि ‘स’, ‘श’, ‘च’ निसटतात, त्यांच्यासाठी तो बनलाय. त्यांना बंद डोम घातला की स्वतःचाच आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. उलट बाबांचा बहिरेपणा जास्त असेल आणि कान घट्ट बंद करणारा पॉवर डोम लागत असेल, तिथे उघडा घातला की आवाज कानाबाहेर गळून माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू. शिट्टी थांबवायला बाबा आवाज कमी करतात, मग ऐकू येत नाही, आणि दोष मशीनला. आकार एका पायरीने लहान-मोठा केलात तर फारसं बिघडत नाही. प्रकार बदलायचा असेल तर प्रोग्रामिंगमध्येही तो बदलावा लागतो. आणि पॉवर डोमनेही भागत नसेल तर तिथे डोमचा विषय संपतो, कानाचं माप घेऊन मोल्ड, म्हणजे त्याच कानाच्या आकाराचा साचा, करावा लागतो. यूपी रिसीव्हर तर मोल्डशिवाय वापरूच नये.

मळाच्या जाळीचंही तसंच. जाळी म्हणजे रिसीव्हरच्या तोंडाशी बसणारं पांढरं, टाचणीच्या डोक्याएवढं बूच. फोनाकच्या मार्व्हल आणि पुढच्या मशीनांना सेरुशील्ड नावाची चकती लागते. तिच्यात आठ जाळ्या असतात, जुनी काढायची आणि नवी बसवायची सोय चकतीतच. त्याआधीच्या मशीनांना सेरुस्टॉप नावाच्या काड्या. ओटिकॉनला प्रोवॅक्स मिनीफिट, आणि नुसतं ‘प्रोवॅक्स’ हे वेगळ्याच मापाचं. चुकीची जाळी दाबून बसवली तर ती रिसीव्हरच्या तोंडात तिरकी रुतते आणि काढताना रिसीव्हर जातो. शंभर-दोनशे रुपयांच्या चुकीत महागाचा भाग जातो, म्हणून जाळीचं नाव अक्षर न् अक्षर जुळल्याशिवाय घेऊ नका. किती दिवसांनी बदलायची याचं ठरलेलं उत्तर नाही. काहींना महिनाभर पुरते, ज्यांच्या कानात मळ ओला आणि भरपूर त्यांना आठवडाही पुरत नाही. आवाज मंद वाटला की आधी जाळी, मग सेल, मग आमच्याकडे फोन, हा क्रम फ्रिजवर लिहून चिकटवला तरी चालेल.

सेल. होय, इथे तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि मला वाटतं सगळा गैरसमज इथूनच सुरू होतो. आकडा आणि रंग जगभर ठरलेले आहेत: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. त्यावर पीआर७०, पीआर४१, पीआर४८, पीआर४४ अशी दुसरी नावंही याच क्रमाने असतात. बाबांचं ३१२ असेल तर कुठल्याही चांगल्या कंपनीचा, मुदत न संपलेला ३१२ घ्या. मात्र हे झिंक-एअर सेल आहेत, हवेवर चालणारे. पाठीवरचं स्टिकर काढलं की हवा आत जाते आणि सेल जागा होतो. स्टिकर काढून दोनेक मिनिटं थांबा आणि मगच बसवा, म्हणजे तो पूर्ण ताकदीने सुरू होतो. एकदा काढलेलं स्टिकर परत लावून सेल वाचत नाही. घड्याळाच्या दुकानातला एलआर४४ हा ६७५च्या जागी अगदी तंतोतंत बसतो, पण तो अल्कलाइन सेल वेगळ्या जातीचा, त्याचा व्होल्टेज वेगळा. तो घालू नका. कॉक्लिअर इम्प्लांटसाठीचे (शस्त्रक्रियेने बसवलेल्या कानाच्या यंत्रासाठीचे) ६७५ वेगळे येतात, साध्या ६७५ वर इम्प्लांट नीट चालत नाही. आणि घरात नातवंडं असतील तर वापरलेले सेलसुद्धा उघड्यावर टाकू नका. बटण सेल गिळला गेला तर तो तातडीचा प्रसंग असतो, ‘बघू सकाळपर्यंत’ म्हणायचा नाही.

सेलचं झाकण मात्र त्याच मॉडेलचं लागतं. सेल उलटा घालून झाकण जबरदस्तीने बंद केलं की त्याची बिजागरी तुटते, आणि हे भाग जुन्या मॉडेलचे मिळता मिळत नाहीत.

चार्जिंगचं मशीन असतं तर मी एवढंच म्हटलं असतं की चार्जरचा डबा त्याच मॉडेलचा हवा, दिसायला सारखा असून उपयोग नाही. त्याची भिंतीत लावायची पिन आणि यूएसबी वायर तपकीर गल्लीत मिळेल, फक्त जुन्या पिनवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या आणि अगदी हलका माल घेऊ नका.

काकांच्या टीव्हीच्या यंत्राबद्दल. वर्णनावरून ते गळ्यात अडकवायचं असावं, फोनाकच्या जुन्या मशीनांना चालणारा कॉमपायलट आणि टीव्हीजवळ ठेवायचा त्याचा ठोकळा. बाबांचं मशीन चार वर्षांपूर्वी नवं घेतलेलं असेल तर ते बहुधा मार्व्हल किंवा त्यापुढचं आहे, आणि त्याला कॉमपायलट चालत नाही. त्याला टीव्ही कनेक्टर लागतो, गळ्यात काही अडकवावं लागत नाही. ओटिकॉनवाल्यांचंही असंच: जुन्या मशीनांना गळ्यातला स्ट्रीमर होता, २०१६ च्या ओपन मालिकेपासून पुढे टीव्ही अ‍ॅडॉप्टर ३.० आला आणि जुना स्ट्रीमर निरुपयोगी झाला. एका कंपनीचं टीव्हीचं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या मशीनला जोडलं जात नाही, मग त्यावर कितीही मोठ्या अक्षरांत ब्लूटूथ लिहिलेलं असो. ऑराकास्ट नावाची नवी पद्धत हे कुंपण काढू पाहतेय, पण त्यासाठी मशीन आणि यंत्र दोन्ही ऑराकास्टची लागतात. बाबांच्या मशीनच्या पिढीत ती अपेक्षा धरू नका.

टीव्ही कनेक्टर घेण्याआधी टीव्हीच्या मागे एकदा बघा. ऑप्टिकल असं लिहिलेलं चौकोनी भोक आहे का, नसेल तर हेडफोनची पिन जाते का? हेडफोनच्या भोकात पिन घातली की काही टीव्हींचा स्वतःचा आवाज बंद होतो आणि बाकीचं घर मुकं चित्र बघत बसतं. ऑप्टिकलमधून जोडलं की बाबांना त्यांचा आवाज, तुम्हाला तुमचा. आमच्याकडे येणारे कितीतरी जण सुनेची तक्रार घेऊन येतात की आजोबा टीव्ही फार मोठा लावतात. अशा घरांत मी महागाच्या मशीनऐवजी आधी हे यंत्र सुचवते.

फोनचंही विचारून ठेवा, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. फोनाकची मार्व्हलपासूनची मशीनं साध्या ब्लूटूथने जवळपास कुठल्याही मोबाइलला जोडली जातात, अगदी ब्लूटूथ असलेल्या बटणाच्या फोनलाही. इतर कंपन्यांची बरीच मशीनं आयफोनला सरळ जोडली जातात, पण अँड्रॉइडमध्ये फोनचं मॉडेल बघावं लागतं. नवा फोन भेट देण्याआधी मशीन बघा.

कानामागचं जाड नळीचं मशीन असणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण ती मशीनं अजून खूप आहेत. मोल्डमधली नळी १३ नंबरची असते आणि काही महिन्यांत पिवळी, कडक होते. कडक नळी आखडली की मोल्ड ओढला जातो आणि शिट्टी येते, म्हणून ती बदलायची. जास्त ताकदीच्या मशीनला जाड भिंतीची नळी लागते. कानावर अडकणारा वरचा हुक बदलताना जुन्यात फिल्टर होता का बघा. फिल्टरचा हुक काढून साधा बसवला की आवाज टोचायला लागतो, आणि पेशंटला वाटतं आपलं ऐकणं बिघडलं. मोल्ड चांगला असूनही सैल वाटत असेल तर माणसाचं वजन उतरलंय का विचारा. आजारपणानंतर गालांबरोबर कानही बदलतो, आणि तेव्हा नवं माप घेण्याला पर्याय नसतो.

सुकवायची डबी सगळ्या मशीनांना चालते, तिला कंपनी लागत नाही. जून ते सप्टेंबर पुण्यात ती रोज रात्री वापरा, घाम जास्त येत असेल तर वर्षभर. सिलिकाचे दाणे निळे असतील तर ओलावा प्यायल्यावर गुलाबी होतात, केशरी असतील तर हिरवे. रंग बदलला की दाणे बदला किंवा पाकिटावर लिहिल्याप्रमाणे गरम करून पुन्हा वापरा. सेल मात्र डबीत मशीनबरोबर ठेवू नका. कोरड्या हवेत झिंक-एअर सेल आतून सुकतो. काढून बाजूला ठेवायचा आणि झाकण उघडं टाकायचं.

इतकं सगळं वाचून गोंधळ वाढला असेल तर एवढंच पकडा: सेल आणि सुकवायची डबी कुठलीही, डोम आणि जाळी अचूक नावाने कुठूनही, रिसीव्हर तपासणी करून आणि प्रोग्रामिंगसकट, टीव्हीचं यंत्र मॉडेल कळल्यावरच.

क्लिनिकमध्ये जाल तेव्हा एका कागदावर हे लिहून मागा: दोन्ही मशीनांचं मॉडेल आणि सीरियल नंबर, दोन्ही रिसीव्हरची लांबी आणि ताकद, डोमचा प्रकार आणि आकार, जाळीचं नाव, वॉरंटी कधी संपते. सीरियल नंबर मशीनवरच, सेलच्या झाकणाजवळ बारीक छापलेला असतो, आणि वॉरंटी कार्डावरही सापडेल. सोबत जुना ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, असेल तर घेऊन जा. तो दोन-तीन वर्षांपूर्वीचा असेल तर रिसीव्हर घेण्याआधी नवा काढून घ्या. ऐकणं उतरलं असेल तर जुन्याच ताकदीचा रिसीव्हर परत घेण्यात अर्थ नाही, तेव्हाच वरच्या ताकदीचा घेतलेला बरा. हे सगळं बघणारी व्यक्ती रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असलेली आहे ना, तेही विचारा; नंबर भिंतीवर लावलेला असतो, नाहीतर मागितला की द्यावा लागतो. दुसरं मत हवं असेल आणि खासगीत जायचं नसेल तर धनकवडीला भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजीचं महाविद्यालय आहे.

आणि तो रिसीव्हरवरचा फोटो आधी काढा. लाल खुणेशेजारी काय छापलंय ते इथे लिहिलंत तर मशीन कुठल्या पिढीचं आहे आणि घरात पडलेलं डोमचं पाकीट वापरता येईल की परत करायचं, ते मी सांगू शकेन.